गुलाबी झाकण

पहाटे पावणेतीनला मशीन ओरडलं.
कप्पा चौदा. गुलाबी झाकण, म्हणजे लहान मूल.
बाटलीला बोलायला एकतीस तास लागले.

गार झालेला चहा तसाच ठेवून उठले.
झाकणावर स्पिरिट, सुईने एक थेंब,
काचेवर पसरला, आचेवर वाळवला,
जांभळा रंग, आयोडीन, धुणं, लाल रंग.
वीस वर्षं झाली, हात आपले आपण करतात.

वाटलं होतं, नेहमीचे ठिपके असतील,
घोस, नाहीतर साखळ्या.
भिंगाखाली निघाले मोठे, लंबगोल, जांभळे,
कसलीच घाई नसलेले.
एकेकाच्या खांद्याला कोंब.

"एनआयसीयू? लॅबमधून शेवडे. लिहून घ्या.
बेबी ऑफ संतोषी. रक्तात यीस्ट.
आता परत वाचून दाखवा."
पलीकडे पेन चालेना. दुसरं शोधलं.
मग त्या डॉक्टर पोरीने सावकाश वाचलं,
शेवटी वजनही सांगितलं, अकराशे चाळीस ग्रॅम,
जे मी विचारलंच नव्हतं.

सकाळी भेरूलाल खिडकीशी आला,
दुसरा नमुना घेऊन.
बाटली मुठीत धरलेली, पिल्लू धरावं तशी.
छावणीत जलेबीच्या दुकानावर
रात्री घोळ लावायचं काम त्याचं,
नखांत मैदा तसाच.
"दीदी, डॉक्टर बोले फफूंद है.
खून में फफूंद कैसे?"

माझी ड्यूटी संपत आली होती.
म्हटलं, तुमच्या घोळात रात्रभर जे वर येतं ना,
त्याचंच हे कुठलं तरी दूरचं भावंड.
बोलले, आणि जीभ चावली.
तो बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिला.
"मेरे हाथ से?"

नाही हो. नाही.
तिच्याच कातडीवरून आलं असेल, आतड्यातून,
सातव्या महिन्यात आलेलं लेकरू,
छातीपर्यंत सरकवलेली दोऱ्याएवढी नळी,
त्या नळीतून जेवण, त्याच नळीतून औषधं.
आमच्यापैकी कुणी घाईत हात न धुता
ती नळी धरली असेल,
हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

वरच्या मजल्यावर, सात नंबर खाटेवर
घोडगांवकर होते, मिल चालू होती तेव्हाचे हिशेबनीस.
स्वादुपिंडाचं ऑपरेशन, बावीस दिवस आयसीयू,
ताप उतरेना म्हणून एकावर एक अँटिबायोटिक.
मंगळवारी त्यांची बाटली वाजली.
नेमकी जात कळायला आणखी दोन दिवस गेले,
प्लेटवर निळे ठिपके उमटले, सुंदर,
मोरपिसातल्या निळ्यासारखे.
कुठलं औषध चालेल, कुठलं नाही,
शुक्रवारी सगळं टाइप केलं.
चादर गुरुवारीच बदलली होती.
रिपोर्ट तरी पूर्ण करावाच लागतो.
तो अजून ट्रेमध्ये आहे,
न्यायला कुणी आलेलं नाही.

संतोषीच्या मुलीची नळी काढली.
औषध सुरू झालं. डोळ्यांचे डॉक्टर येऊन
टॉर्च लावून पडद्यावर डाग शोधून गेले.
दिवसाआड एक बाटली खाली येते.
पहिल्या दोन्ही वाजल्या.
तिसरी कप्पा नऊमध्ये, आज चौथा दिवस.

उभ्या जन्मात मशीनकडून इतकं
काही न बोलण्याची अपेक्षा केली नव्हती.
जाता-येता बघते. दिवा हिरवा.
एकदा उगीच दार उघडून बघितलं,
नीट बसली आहे ना.

भेरूलाल रोज खिडकीशी येतो,
नमुना नसला तरी.
काल म्हणाला, घोळ आता दुसरा पोरगा लावतो,
मी पोह्यांवर बसतो.
मी परत सगळं समजावलं,
घोळातलं वेगळं, हे वेगळं, तुमचा काही दोष नाही.
"हाँ दीदी," तो म्हणाला, "समझ गया."
हात पाठीमागे धरलेले होते.